याआधी कधी झालं होतं का?

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी बायको शशिकला नागपूरच्या रुग्णालयात वारली. मृत्यूचं कारण म्हणून औषधाची रिअ‍ॅक्शन असं लिहिलं गेलं. औषध को-ट्रायमॉक्साझोल. गोळ्या मी आणून दिल्या होत्या. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होतो.

त्याच्या नऊ दिवस आधी तिला भरती करताना तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "याआधी या औषधानं यांना कधी काही झालं होतं का?" मी "नाही" म्हणालो. आमची मुलगी प्रज्ञा शेजारी उभी होती. उत्तर खोटं होतं. ते खोटं आहे हे प्रज्ञाला सांगायला मला चौदा महिने लागले.

संपादकांनी 'नोकरीतले अनुभव लिहा, गमतीचे असले तर उत्तम' असं कळवलं. गमतीचे आहेत. तेही लिहितो. पण हे आधी सांगितलं नसतं तर पुढचं सगळं लिहिताना माझा हात अडखळला असता.

आमच्या कामाला लोक अजून कंपाउंडरी म्हणतात. मिश्रणं खलात घोटण्याचे दिवस केव्हाच संपले. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग. डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, गोळ्या द्यायच्या, कशा घ्यायच्या ते सांगायचं. माझी बरीच नोकरी साकोलीपासून आत, नागझिऱ्याच्या बाजूच्या केंद्रात झाली. मधली सहा वर्षं चिखल्याच्या खाणींच्या बाजूला होतो. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरचा हा सगळा काळ. सुरुवातीला गोळ्या हजार हजारच्या डब्यांत सुट्ट्या येत. कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या. पुडीवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा, औषधाचं नाव नाही. पुढे गोळ्यांचे पत्ते, म्हणजे स्ट्रिप आल्या, पण दहाच्या पत्त्यातून सहा गोळ्या द्यायच्या तर कैची चालवावी लागे. नाव छापलेलं टोक बहुतेक वेळा आमच्याकडे राही आणि रोग्याच्या हातात नुसता चंदेरी तुकडा जाई. आपण काय खाल्लं हे त्याला कधी कळतच नसे. पांढरी गोळी, पिवळी गोळी, मोठी गोळी, कडू गोळी. सगळी ओळख एवढीच.

अशा माणसाला 'तुला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे?' असं विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी वेगळं विचारायचो, "गोळी खाऊन पहिले कधी काही झालं होतं का?" हा प्रश्न मी रोज शंभर वेळा तरी विचारत असेन. काही झालं होतं असं कोणी म्हटलं की खोदून विचारायचं, अंदाज बांधायचा, डॉक्टरांना दाखवायचं आणि त्या माणसाच्या केसपेपरवर लाल शाईत मोठ्या अक्षरात लिहायचं. हा माझा स्वतःचा नियम होता, कोणी सांगितलेला नव्हता. नवीन येणारे डॉक्टर थोडे हसत, मग त्यांना सवय होई. मला त्याचा अभिमान होता.

औषधाच्या त्रासाचे प्रकार असतात. बाहेरच्या माणसाला सगळे एकच वाटतात. सर्दीची गोळी खाल्ली की झोप येते, दुखण्याची गोळी उपाशीपोटी खाल्ली की पोटात आग पडते, रक्तवाढीच्या गोळीनं शौचाला काळं होतं. हे औषधाच्या स्वभावातच आहे. कोणालाही होऊ शकतं, मात्रा वाढली की जास्त होतं. याला घाबरायचं नसतं, सांभाळायचं असतं. अ‍ॅलर्जी वेगळी. ती औषधाच्या स्वभावात नसते, त्या एका शरीराच्या स्वभावात असते. शंभरांना जे चालतं ते एकाला चालत नाही. बहुतेकदा पहिल्या भेटीत काही बिघडत नाही, किंवा थोडंसंच बिघडतं. शरीर ओळख करून घेतं आणि लक्षात ठेवतं. पुढच्या भेटीला ते भांडतं.

चिखल्याच्या बाजूला असताना खाणीत काम करणारा सुखदेव नावाचा एक माणूस होता. एका सकाळी त्याची बायको त्याला दंडाला धरून खिडकीपाशी घेऊन आली. सुखदेवच्या खालच्या ओठावर रुपयाएवढा काळा-जांभळा डाग.

"कंपाउंडर साहेब," ती म्हणाली, "हा डाग कायचा हाय ते सांगा. मले सांगते, आपोआप आला म्हणून."

"आपोआपच आला जी," सुखदेव म्हणाला.

"दर खेपेले त्याच जागी आपोआप येते? कोन चावली ते सांग ना बे सरळ."

रांग खो खो हसली. सुखदेव खाली पाहत उभा. मी विचारलं, "डाग यायच्या आधी काही खाल्लं होतं का? गोळी?"

"हगवण लागली होती. इथूनच तर नेली गोळी."

"मागच्या खेपेले डाग आला तेव्हा?"

तो आठवत राहिला. उत्तर बायकोनंच दिलं. "तवाबी हगवणच लागली होती याले."

हा अ‍ॅलर्जीचाच एक विचित्र प्रकार आहे. ठरावीक औषध घेतलं की ठरावीक जागीच डाग उठतो, मग हळूहळू फिका पडतो. पुन्हा तेच औषध घेतलं की पुन्हा तिथेच. दुसरीकडे सरकत नाही. मी तिला हे समजावून सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही पुरुष माणूस पुरुषाचीच बाजू घेता." पण जाताना तिनं त्याचा दंड सोडला होता. सुखदेवच्या केसपेपरवर मी हगवणीच्या गोळीचं नाव लाल शाईत लिहिलं. पुढे वर्षभरानं तो बाजारात भेटला तेव्हा दुरूनच ओठ पुढे काढून दाखवला. साफ होता.

आमच्या जिल्ह्यात हत्तीपाय जुना. त्याच्या गोळ्या वर्षातून एकदा सगळ्या गावाला वाटायच्या. नुसत्या वाटायच्या नाहीत, समोर गिळायला लावायच्या. एका गावात सकाळी वाटल्या आणि दुपारपर्यंत पंधरावीस जणांना ताप, चक्कर, उलट्या. ओसरीवर बाया आडव्या पडल्या. आमची जीप पोचली तेव्हा गाव रस्त्यात उभं होतं. मी समजावलं, ज्यांच्या रक्तात हत्तीपायाचे जंतू आहेत त्यांनाच जास्त त्रास होतो. गोळीनं जंतू मरतात, मेलेल्या जंतूंमुळे ताप येतो. दोन दिवसांत उतरेल. ज्यांना काही झालं नाही ते बहुतेक निरोगी आहेत.

एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "मंजे त्रास झाला त औषध चांगलं. नाही झाला त तब्येत चांगली. तुमचं काही चुकतच नाही का जी?"

मी जे सांगितलं ते शास्त्राला धरून होतं. सगळे दोन दिवसांत बरेही झाले. तरी पुढच्या वर्षी त्या गावातली अर्धी दारं बंद होती.

तिसरी गोष्ट इंजेक्शनची. इथे लोकांना गोळीपेक्षा सुई हवी असते. सुई टोचली नाही तर डॉक्टरनं काही केलं नाही असं वाटतं. एक बाई घशाच्या दुखण्यानं आली होती. सुई घेऊन बाकावर बसली आणि दोन मिनिटांत "मले कसंतरी होऊन राहिलं" म्हणत खाली घसरली. ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, नाडी लागेना. ही अ‍ॅलर्जीची सगळ्यात वेगवान तऱ्हा. यात मिनिटं मोजायची असतात. इमर्जन्सीचा ट्रे भरून ठेवणं आणि मुदत संपलेली कुपी बदलणं हे माझं काम. सिस्टरनं हात पुढे केला आणि मी अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी तिच्या हातात ठेवली. मांडीत सुई गेली. काही वेळात बाईचा रंग परतला. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. आठवड्यानं ती मला द्यायला जांभळं घेऊन आली आणि वर म्हणाली, "दुसरी सुई चांगली होती. पहिली नका देत जाऊ." आम्ही सगळे हसलो. मी लाल शाईत तिचंही लिहिलं.

आणि एक शब्द होता, ज्याच्याशी मी उभी नोकरी भांडलो. गरमी. अंगावर पुरळ आलं की गरमी. तोंड आलं की गरमी. औषध गरम पडलं, ताक प्या, कांद्याचा रस लावा. गोळ्या तशाच चालू ठेवा, नाहीतर अर्धवट राहील. लोक पुरळ आलेलं कधी सांगायला येतच नसत, कारण गरमी हा आजार नाही, ती ऋतूची गोष्ट आहे. मी खिडकीतून ओरडायचो, "गरमी-बिरमी काही नसते. औषध घेताना अंगावर उठलं की औषध बंद करायचं आणि इथे यायचं." मागे रांगेत कोणीतरी हळूच म्हणायचं, "साहेबाले आज गरमी झाली."

आता ते सांगतो.

शशिकला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. प्रज्ञा आठवीत होती त्या वर्षीच्या मे महिन्यात शशिकलाला ताप आणि लघवीला जळजळ झाली. घरचं माणूस म्हणून मी डॉक्टरांना तोंडी विचारलं, त्यांनी तोंडी सांगितलं, मी को-ट्रायमॉक्साझोलचा पत्ता कापला आणि तुकडा खिशात घालून घरी आणला. आठव्या दिवशी तिच्या पोटावर, पाठीवर लाल पुरळ उठलं. खाज सुटली. तिनं मला पाठ दाखवली आणि विचारलं, "अजी, गोळीनं त नाही ना झालं हे?"

मी तेव्हा पेपर वाचत होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, "मे महिना आहे. गरमी असंल."

गोळ्या संपतच आल्या होत्या. पुरळ चारपाच दिवसांत गेलं. मनात एक टोचणी होती, ती मी खरवडून काढली नाही. खिडकीत कोणी परकी बाई असती तर मी दहा प्रश्न विचारले असते, केसपेपर ओढून लाल पेन काढलं असतं. शशिकलाचा केसपेपरच नव्हता. आमच्या खात्यातल्या बहुतेक घरांत हेच. डॉक्टरच्या घरी, सिस्टरच्या घरी, कंपाउंडरच्या घरी कोणाचा केसपेपर नसतो. औषध खिशातून येतं. नियम खिडकीत राहतात.

मग पुष्कळ वर्षं गेली. मधल्या काळात त्या गोळीची तिला गरज पडली नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना तिला पुन्हा तोच त्रास झाला. मी पुन्हा तोंडी विचारलं, पुन्हा तुकडा खिशात आणला. मे महिन्यातलं पुरळ मला आठवलं नाही. हे खरं आहे. त्या वेळी नाही आठवलं.

दुसऱ्या दिवशी ताप वाढला, डोळे लाल झाले. मला साथीचा ताप वाटला. तिसऱ्या दिवशी तोंडात फोड, ओठांना चिरा. संध्याकाळी तिच्या हाताला धरून उठवताना कातडी माझ्या अंगठ्याखाली सरकली. भाजलेल्या माणसाची सरकते तशी. हा प्रकार मी प्रशिक्षणात एकदा चित्रात पाहिला होता. लाखांत एखाद्याला होतो म्हणून शिकवणाऱ्यानं ते पान लवकर उलटलं होतं. साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. गाडीत तिचं डोकं मांडीवर होतं. मी महामार्गावरचे किलोमीटरचे दगड मोजत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. माझाच प्रश्न, जवळजवळ माझ्याच शब्दांत. आणि त्या क्षणी मे महिना लखलखीत आठवला. तिची पाठ, पेपर, ऊन. मी "नाही" म्हटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं. उपचारात त्यानं फरक पडला नसता, हे मी नंतर अनेकदा स्वतःला सांगितलं. तेही खरं आहे. पण मी त्यासाठी "नाही" म्हटलं नव्हतं.

भरतीनंतर चौथ्या दिवशी तिला बोलणं कठीण झालं होतं. मी कापसानं तिचे ओठ ओले करत होतो. ती म्हणाली, "त्या वक्ताचंच आहे ना हे?"

मी म्हटलं, "बोलू नको. तोंड दुखंल."

त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

विहारात पुण्यानुमोदन झालं. लोक जयभीम करून हात हातात घेत आणि म्हणत, "सर, तुमच्याच घरी असं व्हावं ना! तुम्ही किती लोकांले वाचवलं." मी मान हलवायचो. कामावर परत गेलो. प्रश्न विचारायला तोंड उघडेना. महिनाभर नुसत्या गोळ्या देत राहिलो. मग एक दिवस विचारायला लागलो, कारण न विचारणं जास्त वाईट होतं.

प्रज्ञा वरठीला राहते. जावई तिथल्या स्टील प्लांटमध्ये आहेत. चौदा महिन्यांनंतरच्या एका रविवारी ती एकटीच आली. वांग्याची भाजी करता करता म्हणाली, "मले बी लघवीची जळजळ होऊन राहिली बाबा. काल डॉक्टरकडे गेली होती. त्यांनी विचारलं, घरी कोणाले औषधाची अ‍ॅलर्जी आहे का. मी आईचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांना आधी कधी झालं होतं? मी म्हटलं नाही, पहिल्यांदाच. बाबा स्वतः फार्मासिस्ट आहेत, झालं असतं त त्यांच्या ध्यानात राहिलं असतं."

माझं खोटं माझ्या मुलीच्या तोंडून वरठीच्या दवाखान्यात पोचलं होतं आणि तिथे कोणीतरी ते लिहून घेतलं होतं. रक्ताच्या नात्यात ही सवय उतरू शकते, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते.

"कोणती गोळी दिली त्यांनी?" मी विचारलं.

"दुसरी आहे. तुम्हाले दाखवाले आणली." तिनं पर्समधून पत्ता काढला. मी वाचला. वेगळ्या गटातली होती. मी पत्ता तिला परत दिला आणि म्हणालो, "झालं होतं."

"काय झालं होतं?"

"आईला. पुरळ. तू आठवीत होतीस. तेव्हाही तीच गोळी होती. मीच आणली होती."

तिनं गॅस बंद केला. "तुम्हाले आठवत नव्हतं का?"

"गोळी देताना नव्हतं. नागपूरला डॉक्टरनं विचारलं तेव्हा आठवलं."

"मग नाही काहून म्हटलं?"

"तू बाजूला उभी होतीस."

"मंजे माझ्यावर आलं का आता हे?"

"नाही. माझ्यावरच आहे."

ती ओट्याला टेकली. मग तिनं विचारलं, "आईले माहीत होतं?" मी कापसाचं, ओठांचं आणि मी तिला काय उत्तर दिलं ते सांगितलं. तेव्हा ती रडली. आवाज न करता, माझ्याकडे पाठ करून. मी जवळ गेलो नाही. मला जावंसं वाटलं, पण त्या वेळी तो हक्क माझा नव्हता.

नंतर तोंड धुऊन आली आणि शाळेतल्या बाईसारखी म्हणाली, "हे कुठं लिहून ठेवलं आहे का? कोणत्याच कागदावर?"

नव्हतं. औषधाचे दुष्परिणाम कळवण्याचा एक सरकारी फॉर्म असतो. एका प्रशिक्षणात आम्हाला त्याचा गठ्ठा मिळाला होता. आमच्या केंद्रातून एकही गेला नाही. पाठची बाजू कोरी असायची, त्यावर आम्ही ड्युटीचा तक्ता लिहायचो. सुखदेवचा ओठ, सुईची बाई, कोणाचंच आमच्या केसपेपरापलीकडे गेलं नाही. दुसऱ्या गावातल्या औषधवाल्याला ते कळायला काही मार्गच नव्हता. मी लाल शाईवर खूश होतो.

घरच्या कपाटात दोन फॉर्म सापडले. प्रज्ञानं पेन घेतलं आणि मला सांगायला लावलं. रोग्याचं पूर्ण नाव लिहायचं नसतं, आद्याक्षरंच. तिनं ती लिहिली आणि थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. वय. औषध. किती दिवसांनी त्रास सुरू झाला. परिणाम. मग तो रकाना आला, पूर्वीची अ‍ॅलर्जी.

"सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. तिनं जसंच्या तसं लिहिलं, महिनासुद्धा. शेवटी कळवणाऱ्याची सही. ती माझी.

फॉर्म मी स्वतः नागपूरला नेऊन दिला. घेणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वाचून विचारलं, "रुग्ण तुमच्या केंद्रातल्या होत्या का?" मी सांगितलं, माझी पत्नी. त्यांनी पेन हातात धरून फॉर्मवर जागा शोधली. नात्यासाठी रकाना नाही. येताना वरठीला उतरलो आणि प्रज्ञाच्या डॉक्टरांना भेटून त्यांच्या नोंदीत 'पहिल्यांदाच' खोडायला लावलं.

मी निवृत्त झालो त्याला आता काही वर्षं झाली. खिडकीत नवीन मुलगा आहे, चांगला आहे म्हणतात. प्रज्ञा महिन्यातून एका रविवारी येते, जेवते आणि दुपारची बस धरते. आईच्या साड्या तिनं नेल्या. पुस्तकं इथेच आहेत. आम्ही बोलतो, आधीपेक्षा कमी.